मांडवीकाठचे कलामंदिर

गोव्याच्या उत्तरेस, पेडणे महालात, शापोरा नदी जेथे समुद्रास मिळते तेथे मोरजी हे गाव वसले आहे. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास नदी व मध्ये माडांच्या बागा अशी त्याची रचना. येथील तेंबच्या वाळूत हिवाळ्याच्या दिवसांत समुद्री कासवे अंडी घालावयास येतात. अलीकडे देशोदेशीचे प्रवासी या किनाऱ्यावर येऊ लागल्यापासून गावाचे रूप पुष्कळ पालटले आहे. तथापि या मुलखाची कलेची आवड पालटलेली नाही. पेडण्याच्या गावोगावी दशावतारी नाटके रात्र रात्र रंगतात. नदीपलीकडे शिवोलीस नाताळानंतरच्या पहिल्या सोमवारी जागर होतो आणि त्यात हिंदू व ख्रिस्ती मंडळी एकत्र येतात. शेजारधर्म हा शब्द आपण पुष्कळदा उच्चारतो. त्याचा अर्थ कळावा म्हणून हा जागर एकदा अवश्य पाहावा.

अशा गावच्या कलावंताला मोठ्या रंगभूमीवर उभे राहावयाचे तर राजधानीची वाट धरावी लागते. मोरजीहून चोपडे, चोपड्याहून पुलाने शिवोली, पुढे म्हापसा, पर्वरी व मांडवीवरील पूल ओलांडून पणजी असा हा मार्ग आहे. एके काळी चोपड्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत बसावे लागे. आता ती दगदग उरली नाही. याच वाटेने आम्ही पणजीच्या कांपाल भागात गेलो व तेथील कला अकादमीची वास्तू पाहिली. तिची हकीकत आमच्या वाचकांस उद्बोधक वाटेल.

१८३५ पर्यंत गोव्याचा कारभार पाहिलेले दों मान्युएल द पोर्तुगाल ई काश्त्रू यांच्या काळात पणजीतील दलदल बुजवून रस्ते काढण्यात आले. कांपाल हा नदीकाठचा भाग तेव्हापासून वाढला. त्याच्या वाटेवर, जुन्या वैद्यकीय विद्यालयाच्या इमारतींत, शहराचे मोठे रुग्णालय होते. हे विद्यालय १८४२ साली स्थापन झाले. पुढे रुग्णालय बांबोळीच्या टेकडीवर गेले आणि या जुन्या इमारती ओस पडल्या. माणसांची ये-जा थांबली की भिंतींनाही म्हातारपण लवकर येते.

कला अकादमी ही संस्था १९७० साली स्थापन झाली व तिची कांपाल येथील वास्तू १९८३ साली पूर्ण झाली. तिचे शिल्पकार चार्ल्स कोरिया हे गोमंतकीय वंशाचे ख्रिस्ती गृहस्थ. मुंबईच्या दादर भागातील 'पोर्तुगीज चर्च' या नावाने ओळखले जाणारे तारणमातेचे मंदिर आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. त्याची १९७७ साली पूर्ण झालेली नवी इमारतही कोरिया यांचीच. त्या मंदिरात जसे उघड्या अंगणांतून सहज आत जाता येते, तसेच येथेही आहे. रस्त्याच्या बाजूस लाकडी-लोखंडी फाटकाचा दरारा नाही. उंच मांडवासारख्या छायेखालून चालत गेले की माणूस थेट मांडवीच्या काठी पोहोचतो. वास्तू उंच नाही; शेजारच्या झाडांशी ती स्पर्धा करीत नाही. नाटकाचे तिकीट घेण्याची ऐपत नसलेल्यासही तेथे घटकाभर बसता येते. गरिबाला संकोच वाटू नये अशी इमारत बांधणे ही आमच्या मते एक प्रकारची भूतदयाच होय.

आतील मोठ्या नाट्यगृहास मंगेशीचे सुपुत्र मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे नाव दिले आहे. त्याच्या भिंतींवर जुन्या नाट्यगृहाचे सज्जे व त्यांत बसलेले प्रेक्षक रंगविले असून ती करामत मारियो मिरांडा यांच्या कुंचल्याची आहे. बाहेर आकाशाखाली पायऱ्यापायऱ्यांचा खुला रंगमंच आहे. येथे मराठी नाट्यस्पर्धा होतात, कोकणी तियात्र स्पर्धा होतात, भजनांचे स्वर घुमतात व पाश्चात्त्य संगीताचे वर्गही भरतात. या वर्गांचे मूळ आंतोनियो द फिगेरेदो यांनी १९५२ साली पणजीत स्थापिलेल्या संगीतशाळेत आहे. आणि त्याहूनही खोल मूळ शोधावयाचे तर ते आपल्या धर्मग्रामांच्या जुन्या शाळांत सापडते. तेथे मेस्त मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकवीत. गोव्याचा वादक जगभर गेला तो या देवळाच्या ओसरीवरून.

एका वास्तूने अवघा परिसर सुधारला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण कलेने हा भाग जागता ठेवला हे खरे. २००४ साली भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला, तेव्हा रुग्णालयाच्या त्या जुन्या इमारती दुरुस्त झाल्या. २०१६ पासून डिसेंबर महिन्यात 'सेरेंडिपिटी' हा कलामहोत्सवही पणजीत भरू लागला. जेथे रोगी विव्हळत होते तेथे आता चित्रे पाहावयास मुले येतात.

मात्र वास्तू उभारणे सोपे, सांभाळणे कठीण. २०२१ साली दुरुस्तीसाठी अकादमी बंद झाली. जुलै २०२३ मध्ये, काम चालू असतानाच, खुल्या रंगमंचावरील छप्पर कोसळले. त्याच वर्षी नोव्हेंबरात दारे पुन्हा उघडली. परंतु ध्वनी व प्रकाश यांच्या व्यवस्थेविषयी कलावंतांनी तक्रारी मांडल्या व शासनास त्यांच्या तपासणीसाठी कृतिदल नेमावे लागले. हे सर्व सांगण्यात आम्हांस कोणास दूषण द्यावयाचे नाही. पण ज्या कलावंतांनी आपली वास्तू म्हणून आवाज उठविला, त्यांचे आम्हांस कौतुक वाटते. जे आपले असते त्याच्याच पडझडीचे दुःख होते.

यातून खेड्यातील आपण काय घ्यावे? राजधानीचा रंगमंच कितीही भव्य असो, त्यावर चढणारे पाऊल प्रथम गावच्या मांडवात थिरकलेले असते. मोरजीसारख्या गावात आज जमिनीस सोन्याचा भाव आला आहे. तालमीची पडवी, सणाचे अंगण, जागराची मोकळी जागा ही विकली गेली, तर पणजीच्या नाट्यगृहात बाहेरचीच माणसे नाचतील व आपण तिकीट काढून पाहू. तेव्हा पालकांनी मुलांस गायनवृंदात पाठवावे, घरात पडून असलेले व्हायोलिन पुसून त्यांच्या हाती द्यावे आणि सणाच्या नाटकास शेजाऱ्यास, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आग्रहाने बोलवावे. देवाने दिलेले दान मातीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टान्त आपण शुभवर्तमानात ऐकतो. स्वर हेही दानच आहे. ते घरात पुरून न ठेवता वाढवून परत करावयाचे आहे.