काकांचा एक प्रश्न

द्राक्षबागायतदाराला ०:५२:३४ म्हणजे काय, ते सांगावं लागत नाही. तासगावकडच्या आमच्या बागेत आबा ते ठिबकमधून सोडायचे. बावन्न टक्के स्फुरद, चौतीस टक्के पालाश, नत्र शून्य, एवढं मला पाठ होतं. पुढं एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात केडीपीच्या स्फटिकांवर काम मिळालं. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट म्हणजे आपलंच खत, हे डोक्यात शिरायला बराच वेळ लागला.

मला ओढ लेसरची. स्फटिक म्हणजे किरणापुढं धरायची काच, अशी माझी समजूत. ती मोडली स्फटिक वाढवणाऱ्या तंत्रज्ञांनी. इंदूरचेच मराठी, आम्ही त्यांना काका म्हणायचो. कोमट संपृक्त द्रावणात बीज-स्फटिक फिरत असायचा आणि तापमान रोज अंशाच्या काही दशांशांनी उतरवायचं. घाई केली की तळाशी भलतेच कण धरतात आणि सगळा माल तेच ओढून घेतात. मला सूचना एकच होती: "लाइट गेली तर आधी मला हाक मार." आबांना फोनवर हे सांगितलं, तर त्यांनी पहिल्याच दमात विचारलं, "बी कुठनं आणता?" हा प्रश्न मला सुचला नव्हता.

तयार स्फटिक म्हणजे टोकाला निमुळता झालेला चौकोनी खांब. बोटाच्या घामानंही तो धुरकटतो. अक्षाशी सुमारे ४१ अंशांत कापलेली त्याची चकती १०६४ नॅनोमीटरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणात ठेवून मी हळूहळू कलवत गेले आणि भिंतीवर हिरवा ठिपका उमटला: ५३२ नॅनोमीटर. त्या कोनात मूळ किरण आणि हिरवा प्रकाश एकाच चालीनं जातात, म्हणून वाटेत निर्माण झालेला हिरवा प्रकाश एकमेकाला न मारता साठत जातो. १९६१ साली मिशिगन विद्यापीठात फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी क्वार्ट्झमध्ये हाच, प्रकाशाची वारंवारता दुप्पट करून तरंगलांबी निम्मी करायचा खेळ पहिल्यांदा दाखवला, तेव्हा चाल जुळवलेली नव्हती. ठिपका इतका फिकट, की छपाईत तो डाग समजून काढून टाकला गेला; छापील चित्रात नुसता बाण राहिला. हे ऐकून काका पोटभर हसले.

अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या प्रचंड लेसर-प्रकल्पासाठी दोनशे किलोंहून जड केडीपी स्फटिक वाढवले गेले. पूर्वी दोन वर्षं लागायची, नव्या पद्धतीनं ते काम दोनेक महिन्यांवर आलं. त्यावरचा एक लेख मी काकांना मराठीत सांगत होते. त्यांना वजनाचं काही वाटलं नाही. "एवढ्या वेगात स्फटिकाच्या मागच्या अंगाला ताजं द्रावण पोचतं कसं?" त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. शोधत गेले, आणि वाढत्या पृष्ठावरून द्रावण कसं वाहतं हाच माझ्या पीएच.डी.चा विषय झाला.

प्रबंधावर नाव माझं एकटीचं आहे. काकांचं नाव ऋणनिर्देशात, मार्गदर्शक आणि विभागप्रमुखांच्या खाली, तिसऱ्या ओळीत.