उशिराचं ओझं

कसाऱ्याच्या गाडीत खिडकीशी बसावं. आटगाव मागे पडलं, की सह्याद्री अंगावर येऊ लागतो. आषाढात हा सगळा मुलूख पाण्याने गजबजलेला असतो. कडे पाझरतात, ओहोळ बोलू लागतात, भाताच्या खाचरांत आभाळ उतरतं. चैत्रात त्याच वाटेने जावं, तर करपलेल्या माळावरून हंड्यावर कळशी घेतलेल्या बायका एकामागून एक चाललेल्या दिसतात. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण शहापूर तालुक्यात शब्दशः खरी आहे.

तानसा धरण 1892 सालचं. मग मोडकसागर आलं, भातसा आलं, 2014 मध्ये मध्य वैतरणा आलं. या डोंगरांतलं पाणी मोठमोठ्या जलवाहिन्यांतून मुंबईला जातं. मी मुंबईत राहते. माझ्या स्वयंपाकघरातला नळ याच पाण्यावर चालतो. म्हणून इथल्या पाड्यांची तहान मला परकी वाटत नाही. तिचं देणं माझ्याकडे आहे.

इथला काळा कातळ पाऊस धरून ठेवत नाही. उन्हाळा चढू लागला, की विहिरींचा तळ दिसू लागतो. कातकरी, ठाकूर बायका झिऱ्याकाठी बसून वाटीवाटीने हंडा भरतात. टँकर येतो, विहिरीत पाणी ओततो, आणि तेच पाणी पुन्हा दोराने शेंदून वर काढावं लागतं. घाटावर, इगतपुरी तालुक्यात, भावली धरण आहे. तिथून निव्वळ उताराच्या बळावर शहापूरच्या गावापाड्यांत पाणी आणायची योजना आहे. किती सरळ कल्पना ही! पाण्याने आपल्या स्वभावाप्रमाणे खाली यायचं. पण योजनेची चर्चा झाली, मंजुरी मिळाली, काम निघालं. तरी उन्हाळ्यामागून उन्हाळे टँकर फिरतच राहिले.

उशीर कशाचा बनतो? सर्वेक्षण, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. वाटेत वनजमीन लागली तर वेगळी परवानगी, महामार्ग किंवा रेल्वे ओलांडायची तर आणखी वेगळी. जलकुंभ उभा राहतो तर उद्भव आटलेला असतो. पंप बसतो तर वीजजोडणी नसते. खोदकाम अर्धं होतं तर ठेकेदाराचं बिल थकतं. सुटं पाहिलं तर प्रत्येक कारण पटतं. पण ती सगळी एकापुढे एक उभी राहिली, की माणसाचं आयुष्य अडवतात. शिवाय 2022 पासून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांच्या मुदती संपत गेल्या आणि तिथे प्रशासक आले. ज्याला गाठून जाब विचारायचा, तो निवडून दिलेला सदस्यच दीर्घकाळ नव्हता.

15 ऑगस्ट 2019 रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली. 2024 पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी, हा संकल्प होता. मग मुदत 2028 पर्यंत वाढली. कागदावर एक आकडा बदलला. पण 2019 साली नऊ वर्षांची असलेली, आईमागून कळशी घेऊन निघालेली मुलगी 2028 मध्ये अठरा वर्षांची असेल. तिच्या शाळेच्या सकाळी, तिचं खेळणं, तिच्या मानेवरचा भार यांची नोंद कुठल्याच अंदाजपत्रकात नाही. योजनेचा खर्च वाढला तर सुधारित मान्यता मिळते. तिची गेलेली वर्षं कुणाच्या मान्यतेने परत येणार?

आणि नळ आला म्हणजे काम संपलं असंही नाही. घरात आलेलं बहुतेक पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं. गटाराचं काम मागे राहिलं, की बोळात चिखल साचतो, डास होतात, आणि पाण्यासोबत ताप घरात येतो. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेतले, उघडी गटारं हटवली आणि डासांना थाराच ठेवला नाही. काम एवढंसंच, पण पाणी आणण्याइतकीच पाणी मुरवण्याचीही काळजी त्यात आहे. दोन्ही कामं एकाच आराखड्यात, एकाच वेळी व्हायला हवीत.

महाराष्ट्रात 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने जन्माच्या दाखल्याला मुदत बांधून दिली. तो कुणी द्यायचा हे ठरलं, उशीर झाला तर अपिलाची वाट खुली झाली. पाणी आणि सांडपाण्याच्या योजनांनाही हीच शिस्त लावा. कोणती परवानगी, कोणत्या टेबलावर, कोणत्या तारखेपासून थांबली आहे, हे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा आणि दर ग्रामसभेत मोठ्याने वाचा. उशिराचं ओझं जिच्या डोक्यावर आहे, तिला त्याचं कारण आणि ते कुणामुळे हे आजच कळायला हवं. जाब विचारण्याचा तिचा हक्क तिच्या दारी पोहोचवायला जलवाहिनी पूर्ण होण्याची वाट पाहावी लागत नाही.