पोराची पहिली बंदूक कुठली असावी?

यंदा भात पोटरीत असताना डुकरांनी खालची दोन खाचरं लोळवली. थोरला मुलगा २२ वर्षांचा आहे, तो आता शेतीसंरक्षणाच्या परवान्यासाठी अर्ज करतोय. मोबाईलवर बघून त्याच्या डोक्यात रायफल बसलीय. गावातली आणखी चार पोरं तेच विचारतात, म्हणून इथं लिहितो.

आधी कायद्याचं. वय २१ पूर्ण लागतं. पीक राखायला कायद्यात मुळात ठासणीची बंदूक धरलीय. ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर बिनआट्याच्या नळीची दुसरी बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, मिळू शकते. रायफल त्यात बसत नाही, आणि ते बरंच आहे. साधी पॉइंट बावीसची गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आपल्या खाचराच्या पलीकडे वाडी आहे, पायवाट आहे. छऱ्याची काडतुसं पस्तीस-चाळीस मीटरच्या आतच कामाची. राखणीला तेवढं पुरतं.

ठासणीची स्वस्त पडते, पण पावसात दारू सर्दावते. शिवाय भरलेली आहे की रिकामी, ते वरून कळत नाही. रिकाम्या नळीत गज घालून तोंडाशी खूण करून ठेवावी. खूण वर राहिली तर आत बार आहे समजायचं. नवशिक्याच्या हातात मला ती नको वाटते.

माझ्या नावावर दुनळी आहे, २५ वर्षं झाली. नियमानं ती वारसाच्या नावावर करता येते. तरी पहिली म्हणून ती मी देणार नाही. दुसरा बार शिल्लक आहे हे डोक्यात असलं की पहिला घाईत सुटतो. काजूत पाचोळा वाजला म्हणजे डुक्करच असतं असं नाही. डुक्कर समजून माणसाला गोळी लागल्याच्या बातम्या आपण कोकणात वाचतोच. एकनळीत एकच बार. बॅटरीच्या उजेडात पुरतं जनावर दिसल्याशिवाय चापाला बोट लागत नाही. त्यातही घोडा बाहेर असलेली बघा, चढवलाय की उतरवलाय ते लांबून दिसतं.

घेताना तीन गोष्टी बघा. दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवला की बोट चापापर्यंत सहज पोचलं पाहिजे. लांब दस्ता खांद्यात नीट बसत नाही, धक्का दंडावर येतो. दुसरं, नळीच्या बुडाशी ६५ की ७० कोरलंय ते वाचा. ६५ च्या नळीत ७० चं काडतूस बसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा नसते आणि दाब वाढतो. तिसरं, बंदूक मोडून नळी उजेडाकडे धरा. आत खड्डे, बाहेर पोचा असेल तर सोडून द्या.

बांध ओलांडताना बंदूक मोडलेली, काडतूस खिशात. घरी बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा, बंदुकीचा परवाना वेगळा आणि डुक्कर मारायची वनखात्याची लेखी परवानगी वेगळी. मेलेलं जनावर सरकारचं. मटणाचा वाटा काढला की गुन्हा.

पोरगा विचारतो, "बाबा, एका बारात पडलं नाही तर?" मी म्हटलं, नाही पडलं तर पळेल, भात तर वाचलं. जखमी डुकरामागे रात्री झाळीत शिरायचं नाही, सकाळी वनरक्षकाला घेऊन जायचं. हे पटलं नाही तर अर्जच करू नको.

दोन दिवस बोलला नाही. मग कागद भरून सहीला घेऊन आला. त्यात रायफल लिहिलेली नव्हती.

निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, तेव्हा कुंपण आणि राखण सोडू नका.