पंखाला पाडलेलं भोक

भाच्याचा फोन आला तेव्हा मी नंदगडच्या घरी अंगणात भाताची उफणणी बघत बसलो होतो. "मामा, आज पंखाला भोक पाडलो," तो म्हणाला. टेक्सासात बारा वर्षं काढली तरी त्याचं बोलणं अजून आमच्या खानापूर तालुक्यातलंच.

नोकरी संगणकाची. पण संध्याकाळी गॅरेजात शिरायचं आणि दोन आसनांचं विमान जोडायचं, असं त्याचं कित्येक वर्षं चाललं होतं. पत्रे आणि रिव्हेट पेटीतून येतात, जोडायचं आपण. गेल्या वर्षी ते उडालं. आता त्याच रंग देऊन पुऱ्या झालेल्या पंखाला त्याने ड्रिल लावलं होतं. पाठीवर एक छिद्र, पोटाखाली एक, टाचणीच्या डोक्याएवढी. दोन्हीकडून बारीक नळ्या आतल्या यंत्राला गेल्या. खालचा आणि वरचा दाब ताडून ते यंत्र पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन काढतं.

या कोनाला वैमानिक अँगल ऑफ अटॅक म्हणतात. मला तो लहानपणापासून ठाऊक होता, फक्त नाव माहीत नव्हतं. खानापूरहून येणाऱ्या बसच्या खिडकीतून हात बाहेर काढायचा, कंडक्टर ओरडेपर्यंत. तळवा जरा तिरपा केला की हात आपसूक वर उचलतो. आणखी तिरपा, आणखी वर. मग एकदम उचल संपते आणि वारा हात नुसता मागे लोटतो. विमानाच्या पंखाची ही हद्द साधारण १५-१६ अंशांवर येते. त्यापुढे हवा पंखाची पाठ सोडते. हाच स्टॉल. इंजिन बंद पडणं वेगळं. स्टॉलमध्ये इंजिन बिचारं नीट घरघरत असतं.

लहान विमानाच्या चालकासमोर मात्र पिढ्यान् पिढ्या वेगाचा काटा आहे, कोनाचा नाही. अमुक वेगाखाली जाऊ नकोस, एवढंच त्याला शिकवतात. पण पंखाला वेग कळत नाही, कोन कळतो. सरळ उडताना ताशी ९० किलोमीटरला स्टॉल होणारं विमान उंची राखून ४५ अंश कलून वळलं, तर १०७ लाच स्टॉल होतं. धावपट्टीकडचं शेवटचं वळण चुकलं म्हणून चालक विमान आणखी कलवतो, नाक ओढून धरतो, आणि तिथेच घात होतो. खाली सावरायला उंचीच उरलेली नसते. भाच्याला भीती होती ती या वळणाची.

हे कळायला उशीर झाला असंही नाही. ऑर्व्हिल राइटने १९१३ साली आपोआप तोल सांभाळणारं यंत्र दाखवलं, त्यात हा कोन ओळखणारं एक पातं होतं.

तरी मी त्याला २०१८ ची आठवण दिली. २९ ऑक्टोबरला जकार्ताहून निघालेलं लायन एअरचं बोइंग ७३७ मॅक्स समुद्रात पडलं. कोन मोजणारा त्याचा एक संवेदक नुकताच बदलला होता आणि तो २१ अंशांनी चुकीचं सांगत होता. संगणकाने त्या एकट्याचं ऐकलं आणि नाक पुन्हा पुन्हा खाली दाबलं. पुढच्या मार्चमध्ये इथिओपियाचं विमानही एकाच संवेदकाच्या खोट्या साक्षीने गेलं. दोन्ही मिळून ३४६ माणसं. "माझं यंत्र फक्त पीं पीं करतंय मामा," भाचा म्हणाला, "दांडा माझ्याच हातात हाय." मला हे पटलं. सांगणाऱ्याने सांगावं, दांड्याला हात लावू नये.

आपल्याकडे असं घरगुती विमान म्हटलं की कॅप्टन अमोल यादव आठवतात. मुंबईत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचं विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. तिकडे भाच्याकडे, घरी बांधलेल्या विमानावर बांधणाऱ्याला स्वतःच काम करता येतं. म्हणूनच तो शनिवारी सकाळी चहा पिऊन पंखाला भोक पाडू शकतो. याचा मला हेवा वाटतो, आणि खरं सांगायचं तर जरा धडकीही भरते.

आता खरं काम पुढे होतं. उंच जायचं, इंजिन मंद करायचं, नाक हळूहळू उचलत मुद्दाम स्टॉल करायचा; आधी पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप मिटून, मग उघडून. पंखाने हवा सोडली की हद्द इथे आहे, हे यंत्राला शिकवायचं.

मी अंगणात पाहिलं. सूप उंच धरलेली बाई वारा जरा वाढताच मनगट किंचित वळवत होती. भात पायाशी, फोलपट लांब. तिच्या मनगटाला हे कुणी केव्हा शिकवलं?

एवढ्यात बहिणीने फोन ओढून घेतला. तिला कोनाशी काही देणंघेणं नव्हतं. आमच्याकडचा पाऊस आणि गळकी कौलं काढलेली बाई ती.

"वरच्या भोकातनं पाणी आत जाईल की रे?"

पलीकडे तो बराच वेळ हसला. "जातंय आई. त्यासाठीच नळीत एक डबी बसवलोय. उडायच्या आधी उघडून रिकामी करायची."

"रोज?"

"रोज."


"मग विसरू नको," ती म्हणाली आणि फोन माझ्याकडे परत दिला.