वाऱ्याने न कोरलेल्या कमानी

प्रवासवर्णन शिकवताना आम्ही दोघेही एक शब्दप्रयोग वर्षानुवर्षे निःशंकपणे वापरत आलो : ‘वाऱ्याने कोरलेली शिल्पे’. अमेरिकेच्या यूटा राज्यातील मोआब गावाजवळच्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात गेलो, तेव्हाही तो आमच्यासोबत होताच.

या वाळवंटी प्रदेशात दोन हजारांहून अधिक नैसर्गिक कमानी आहेत. उद्यानाच्या माहिती केंद्रात कळले, की त्यांच्या घडणीत वाऱ्याचा वाटा नगण्य आहे. जमिनीखाली एका आटलेल्या प्राचीन समुद्राच्या मिठाचा जाड थर आहे. वरच्या खडकांच्या भाराने तो सरकला, फुगला, पुढे विरघळला. त्यामुळे वालुकाश्माला समांतर भेगा पडल्या आणि त्या रुंदावत जाऊन मध्ये उभ्या भिंती उरल्या. पाणी खडकात मुरते, वाळूचे कण बांधून ठेवणारा चुना विरघळवते, थंडीत गोठून फुगते. पापुद्रे गळत जातात आणि एके दिवशी भिंत आरपार मोकळी होते. म्हणजे वारा नाही, कोरणे नाही आणि शिल्पही नाही. आमचा शब्दप्रयोग तिन्ही शब्दांत चुकला होता.

निदान ‘कमान’ हा शब्द तरी टिकेल, असे वाटले. पण बांधलेली कमान भार पेलण्यासाठी रचलेली असते. ही तर झिजता झिजता कमान झालेली. ३०६ फूट विस्ताराच्या लँडस्केप आर्चमधून १९९१ मध्ये सुमारे ६० फूट लांबीचा तुकडा निखळला. वॉल आर्च ऑगस्ट २००८ मधील एका रात्री कोसळली. ते कोसळणे कोणी पाहिले नाही.

संध्याकाळी उघड्या खडकावरून चढत डेलिकेट आर्चपाशी पोहोचलो. वहीत ‘महिरप’ लिहिले, खोडले. ‘तोरण’ लिहिले, तेही खोडले. तेव्हा आम्हाला एक उत्तरपत्रिका आठवली. पारनेर तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याने निघोजच्या रांजणखळग्यांविषयी लिहिले होते, की कुकडीच्या पाण्यात गोटे गरगरतात आणि दगड झिजतो. आम्ही समासात ‘कल्पकतेचा अभाव’ असा शेरा मारून दोन गुण कापले होते. अक्षर एकाचे होते, संमती दोघांची.

“आता वर्गात काय सांगायचं?”

“सांगायचं, की त्यानं पाहिलं होतं, आपण पाहिलं नव्हतं.”

त्या विद्यार्थ्याला ते दोन गुण आता देता येणार नाहीत. मात्र पुढच्या सत्रात प्रवासवर्णनाचा पहिला तास आम्ही त्याच्या त्या उत्तराने सुरू करणार आहोत, शेऱ्यासकट.