मुंबईंतील माझें बिऱ्हाड

घरांतील एखाद्या मुलास किंवा मुलीस मुंबईस नोकरी लागल्याची बातमी आली, कीं आमच्या सांगलीच्या घरांत पगाराची चौकशी मागाहून होते. पहिला प्रश्न आजीचा असतो : "उतरणार कोणाकडे?" मुंबईंत आपलें असें एक तरी घर असावयाचेंच आणि तेथें आपल्या मुलास जागा व्हावयाचीच, असा तिचा समज. तो तिला सासऱ्यांकडून मिळालेला आहे. माझे पणजोबा १९३० च्या सुमारास शिकावयास मुंबईस गेले, ते गिरगांवांत एका नातलगांच्या चाळीच्या गॅलरींत निजत आणि सात घरीं वार लावून जेवत. गुरुवारच्या घरीं दुसऱ्यांदा भात मागण्याची सोय नव्हती, म्हणून बुधवारींच ते दोन घांस अधिक घेत. ही गोष्ट आमच्याकडे कौतुकानें सांगितली जाते. माझ्या मनांत मात्र त्यांतला गुरुवारच तेवढा राहिला आहे.

दोन वर्षांपूर्वीं पदवी घेऊन मी मुंबईस आलें, तेव्हां रीतीप्रमाणें मुलुंडला आत्याकडे उतरलें. कचेरी गोरेगांवास, रोज दादरला गाडी बदलून जावयाचें. आत्यानें मला कशाचेंही उणें पडूं दिलें नाहीं. पण घर दोन खोल्यांचें आणि माणसें पांच. रात्रीं साडेनऊला मी येईपर्यंत ती ताट झांकून बसे. तिच्या मुलाची परीक्षा जवळ आलेली. पण मी आलें, कीं तो निमूटपणें दिवा मालवी, कारण माझी गादी त्याच्याच टेबलाशेजारीं पसरावी लागे. कोणी कांहीं बोलत नसे. तें न बोलणेंच मला जड होई.

वेगळ्या बिऱ्हाडाचा विचार बोलून दाखवितांच बाबांनीं आजीच्या आजारपणासाठीं बँकेंत ठेवलेली ठेव मोडण्याची तयारी दर्शविली. मीं नको म्हटलें. आत्याकडे राहून पांच महिन्यांच्या पगारांतून माझ्या वांट्याची अनामत मींच जमविली.

मुंबईंत जागा इतकी दुर्मिळ कां, याचें उत्तर केवळ गर्दींत नाहीं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या जागांचीं भाडीं १९४० च्या पातळीवर बांधून टाकलीं. भाडेकरूंस आसरा मिळाला. पण भाड्यानें देण्यासाठीं घरें बांधण्यांत मालकांस स्वारस्य उरलें नाहीं आणि पागडीचा व्यवहार बोकाळला. १९७३ सालीं परवान्यानें राहणाऱ्यांसही भाडेकरूचें संरक्षण मिळालें, तेव्हां तर पुष्कळ मालकांस रिकाम्या घरास कुलूप लावणेंच बरें वाटूं लागलें. पुढें १९९९ च्या कायद्यानें, लेखी व नोंदलेल्या कराराची मुदत संपतांच जागा परत घेण्याची सोय त्यांस करून दिली. आज माझ्यासारख्यांस घर मिळतें तें ह्याच 'लीव्ह अँड लायसन्स'च्या वाटेनें, बहुधा अकरा महिन्यांपुरतें. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेंही मी भाडेकरू नव्हेच. परवान्यानें राहणारी पाहुणी!

पण परवाना तरी सुखासुखीं कोठला मिळतो? तीन ठिकाणीं 'अविवाहित मुलींस जागा देत नाहीं' असें तोंडावर सांगण्यांत आलें. एका सोसायटीच्या चिटणीसांनीं, मला भेटावयास येणारा भाऊ सख्खा कीं चुलत, याचीही चौकशी केली. (आमच्या घरांत हा भेद कोणी करीत नाहीं, हें त्यांस कसें समजवावें?) अखेर गोरेगांवांत बावन्न हजार भाड्याची जागा मिळाली. आम्ही चौघी : एक नागपूरची, एक रत्नागिरीची, एक कोचीची आणि मी. पगार अडतीस हजार. त्यांतले तेरा हजार भाड्यास, चार हजार डब्यास, पांच हजार सांगलीस. उरलेल्यांत वीज, गॅस, जाणेंयेणें, कपडालत्ता आणि दुखणेंखुपणें.

आत्या दुखावली. "आमच्याकडे काय कमी होतं?" हा तिचा प्रश्न सांगलीपर्यंत पोहोंचला आणि आजी दोन आठवडे माझ्याशीं फोनवर जेवढ्यास तेवढेंच बोलली. त्यांचें दुःख खोटें नव्हतें. एकत्र कुटुंबांत वेगळें बिऱ्हाड म्हणजे भांडण, असाच अर्थ पिढ्यान्‌पिढ्या लागत आलेला. केवळ कचेरी जवळ पडावी म्हणून मी निघालें, असें सांगून मला सुटतां आलें असतें. पण तें पूर्ण सत्य झालें नसतें. रात्रीं उशिरां आल्यावर आपल्यामुळें कोणाचा दिवा मालवला नाहीं, ह्या जाणिवेनें जो मोकळेपणा येतो, त्यास तेरा हजार मला जास्त वाटत नाहींत. तापानें तीन दिवस अंथरुणावर होतें, तेव्हां नागपूरच्या मुलीनें मुगाची खिचडी करून दिली. ती खातांना मुलुंडच्या झांकलेल्या ताटाची आठवण होऊन डोळे भरून आले, हेंही तितकेंच खरें.

गेल्या महिन्यांत आत्या लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन अकस्मात्‌ दाराशीं उभी राहिली. एकुलत्या एका खुर्चीवर बसून तिनें सर्व न्याहाळलें : खिडकींत वाळणारे टॉवेल, चौघींच्या चार रंगांच्या बादल्या, भिंतीवर चिकटविलेल्या कामाच्या पाळ्या. भाडें विचारलें, ऐकून गप्प बसली. निघतांना दारांतून वळून म्हणाली, "रविवारचा वार आमच्याकडे. चौघींनींही यायचं. आणि भात दोनदां मागायचा."