दोर आणि दोरी

पाण्याचा आणि दोराचा संबंध आम्हां कडेकरांना कोणीं शिकवावयास नको. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांत, पर्जन्यछायेंत वसलेलें आमचें कडा हें गांव. येथील जुन्या वाड्यांतून आडाचा दोर हें सालाचें मोजमापच होतें. पावसाळ्याअखेर जो दोर दहा हातांत पाण्याला टेके, तोच चैत्रांत वीस हातांचा करावा लागे आणि वैशाखांत त्याला आणखी एक तुकडा गांठ मारून जोडावा लागे. दोर जितका लांब, तितकें साल वाईट. अशा घरांत वाढलेल्या माणसाला, दोरी जितकी आंखूड तितका मान मोठा असा एक पाण्यावरचा खेळ जगांत आहे, हें कळलें म्हणजे नवल वाटल्यावांचून राहत नाहीं.

तो खेळ म्हणजे वॉटर स्कीइंग, आणि त्यांतहि ‘स्लॅलम’ ही स्पर्धा. माझा पुतण्या फ्लॉरिडांत स्थायिक झाला असून त्याची चौदा वर्षांची मुलगी हा खेळ नेमानें खेळते. गेल्या उन्हाळ्यांत ती महिनाभर आमच्याकडे राहिली, आणि तिची हकीकत ऐकतां ऐकतां आमच्या एकत्र कुटुंबांत सरळ दोन तट पडले.

प्रथम खेळाविषयीं. १९२२ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत, लेक सिटी या गांवीं, राल्फ सॅम्युएलसन नांवाच्या अठरा वर्षांच्या मुलाच्या मनांत आलें कीं, बर्फावरून घसरत जातां येतें तर पाण्यावरून कां येऊं नये? पिंपाच्या फळ्या झाल्या, बर्फावरच्या पट्ट्या झाल्या, जमेना. अखेर त्यानें पाइन लाकडाच्या दोन लांब फळ्या घेतल्या आणि आईच्या तांब्याच्या भांड्यांत त्यांचीं टोकें उकळून वर वांकविलीं. स्वयंपाकघरांतल्या भांड्यांवर मुलांचे प्रयोग चालणें, हें कांहीं आपल्याच देशांत घडतें असें नाहीं! पेपिन सरोवरावर भावाच्या मोटारबोटीमागें दोरी धरून तो उभा राहिला, आणि खेळ जन्मास आला. १९३९ मध्यें अमेरिकेंत त्याची संघटना निघाली. १९४९ मध्यें फ्रान्समधील ज्वां-ले-पँ येथें पहिली जागतिक स्पर्धा भरली. आणि १९७२ सालीं, म्हणजे आमचे आड तळापर्यंत कोरडे पडले त्याच वर्षीं, म्युनिक ऑलिंपिकमध्यें तो प्रदर्शनादाखल खेळला गेला.

स्लॅलमची रचना अशी. बोट पाण्याच्या मधोमध सरळ रेषेंत धांवते. तिच्या वाटेच्या दोहों बाजूंस आळीपाळीनें मिळून सहा तरंगते गोळे असतात. प्रत्येक गोळा मध्यरेषेपासून साडेअकरा मीटर दूर. बोटीमागें एकाच पट्टीवर उभ्या राहिलेल्या खेळाडूनें नागमोडी जात प्रत्येक गोळ्याला बाहेरून वळसा घालावयाचा. सारा मार्ग २५९ मीटरांचा. भरवेगांत तो सोळा-सतरा सेकंदांत संपतो. एक फेरी निर्दोष झाली कीं बोटीचा वेग वाढवितात. पुरुषांसाठीं ताशीं ५८ व स्त्रियांसाठीं ५५ किलोमीटर ही कमाल मर्यादा गांठली, कीं मग वेग तोच ठेवून दोरी तोडीत जातात. १८.२५ मीटरांची दोरी १६ होते, मग १४.२५, १३, १२, ११.२५. येथें दोरी गोळ्याच्या अंतराहूनहि आंखूड झाली! उरलेलें अंतर खेळाडूनें आपला देह आडवा झोंकून आणि हात ताणून भरून काढावयाचें. पडला, कीं डाव तेथेंच संपला. म्हणजे या खेळांत यशाचें बक्षीस काय, तर पुढच्या वेळीं हातीं कमी दोरी मिळणें. आमची नात आपली दोरी १४.२५ वर आली आहे हें परीक्षेंतल्या गुणांप्रमाणें अभिमानानें सांगते.

आतां घरांतील वादाकडे वळूं. आमच्या आक्का ऐंशींच्या घरांत आहेत. १९७२ च्या दुष्काळांत कडेवर मूल घेऊन त्यांनीं रात्रीं दोन वाजतां आडाशीं पाळी धरलेली आहे. सर्व ऐकून त्या म्हणाल्या, “पाणी म्हणजे देव. त्याच्या अंगावर पाय देऊन नाचायचं, आणि त्याला खेळ म्हणायचं?” तरुण मंडळींनीं लगेच पुरावा मांडला कीं, खेळल्यानें तळ्यांतलें पाणी कांहीं आटत नाहीं. पुरावा बिनतोड होता. परंतु आक्कांचा प्रश्न पाण्याच्या हिशेबाचा नव्हताच. टँकरपुढें ज्यांनीं हंडे मांडले, त्यांच्या घरच्या मुलीनें पाण्यावर मौज करावी हें शोभतें काय, असें त्यांना विचारावयाचें होतें.

मला यावर दत्तू भोकनळ यांचें उदाहरण आठवलें. नाशिक जिल्ह्यांत चांदवड तालुक्यांतील तळेगांव रोही या दुष्काळी गांवचा हा मुलगा वडिलांबरोबर विहिरी खणण्याचें काम करी. पुढें सैन्यांत गेल्यावर पुण्यास त्याच्या हातीं वल्हीं आलीं. आरंभीं पाण्याची भीति वाटणारा हा गडी २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें एकेरी नौकानयनांत तेरावा आला, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेंत चौघांच्या नौकेंत बसून त्यानें सुवर्णपदक मिळविलें. ज्यानें पाण्यासाठीं खडक फोडला, त्याला पाण्यावर चालण्याचा अधिकार कोण नाकारील? आमच्याच तालुक्यांतील मांडव्याचा अविनाश साबळे ज्या स्टीपलचेस शर्यतींत २०२३ सालीं आशियाई विजेता झाला, तींतहि सात वेळां पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यावी लागते.

आक्कांनीं माझें सारें शांतपणें ऐकून घेतलें. परंतु वाद मिटविला तो निराळ्याच गोष्टीनें. पानें वाढतांना त्यांनीं मुलीचा हात धरला आणि तळवा उलटून पाहिला. बोटांच्या मुळाशीं घट्टे पडलेले होते.

“हे ग कशाचे?”

“दोरीच्या मुठीचे, आजी.”

आक्कांनीं आपला तळवा तिच्या तळव्याशेजारीं धरला. पाणी शेंदून पडलेले घट्टे पन्नास वर्षांनींहि पुरते गेलेले नव्हते. त्या एवढेंच म्हणाल्या, “खेळ हो. पण दात घासतांना नळ सोडून ठेवीत जाऊं नकोस.”

नंतर त्या मुलीनें सांगितलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. हा खेळ एकट्याला खेळतांच येत नाहीं. बोट चालविणारा एक लागतो, खेळाडूवर दृष्टि ठेवणारा दुसरा लागतो. पूर्वीं चालकाला वेग हातानेंच सांभाळावा लागे; आतां तें काम उपग्रहांच्या मदतीनें यंत्र करतें, तरी चालक सुटला नाहीं. म्हणून मंडळांतील लोक पाळीपाळीनें एकमेकांना ओढतात, पडलेल्याला परत फिरून उचलतात. आज खेळणारा उद्यां चालक असतो. आडावरची रीत याहून वेगळी कोठें होती? एकीनें शेंदावें, दुसरीनें हंडा धरावा, तिसरीनें पाळी राखावी.

कड्यास सरोवर नाहीं. हा खेळ येथें येईल असें मी म्हणत नाहीं. परंतु ज्या सालीं पाऊस बरा होतो आणि विहिरी तुडुंब भरतात, त्या सालीं कमरेला दोर आणि पाठीला सुकट भोपळा बांधून मुलांना पोहावयास शिकविण्याची जुनी चाल घरोघर पुन्हां सुरू व्हावी, आणि तींत मुलींनाहि घ्यावें, एवढें मात्र आग्रहानें सांगावेंसें वाटतें. ज्या मुलांनीं पाण्याची फक्त वाटच पाहिली, त्यांना तें जपणें कर्तव्य वाटेल. ज्यांनीं त्याच्या अंगावर हात टाकले, त्यांना तें आपलें वाटेल.